खंडेनवमीला फिरलेले चाक

गुरूकडून मिळालेली विद्या एके दिवशी गुरूच्याच कामातील उणीव दाखवू लागली, तर शिष्याने काय करावे, हा प्रश्न जुना आहे. सांगावे तर गुरूचा मान दुखावतो. न सांगावे तर विद्येचा अपमान होतो. आणि त्या उणिवेचे दुःख एखाद्या तिसऱ्याच मुक्या जीवाला भोगावे लागणार असेल, तर मौन हे नुसते मौन राहत नाही, त्यालाही कर्माचे रूप येते. ही अडचण शंभू लोहारावर बहरीनमध्ये आली. त्याने प्रथम जो मार्ग धरला तो सरळ नव्हता. पण त्या आडमार्गावरून तो परत कसा फिरला, हे सांगण्याजोगे आहे.

मनामाच्या मासळीबाजारामागील गल्लीत अलीमियाँ यांचे सुऱ्यांचे दुकान होते. अलीमियाँ मूळचे दापोलीकडील. तरुणपणी गलबतावर नोकरीला लागून ते इकडे आले, आणि एका वृद्ध इराणी लोहाराच्या हाताखाली सुरे घडविण्यास शिकले. मोडक्या मोटारींच्या कमानपाट्यांचे पोलाद ते तापवून ठोकीत, सहाणेच्या चाकावर त्याच्या दोन्ही अंगांना उतार देत, पाणी पाजीत, आणि जुन्या गलबतांच्या सागाची मूठ बसवीत. काम मनासारखे उतरले की मुठीजवळ चंद्रकोरीचा शिक्का ठोकीत. शिक्का म्हणजे त्यांचा शब्द. शिक्का पडलेल्या पात्यावर दुसऱ्याने कानस लावू नये, असा त्या दुकानाचा नियम होता. तो त्या इराणी लोहाराकडूनच चालत आला होता.

शंभू संगमेश्वर तालुक्यातला. घराण्यात लोहारकी होती, पण गावात काम उरले नव्हते, म्हणून तो हिद्दच्या गोदीत मजूर होऊन आला. जहाजांचा गंज खरवडणे हे त्याचे काम. शुक्रवारी सुट्टी असे, तेव्हा तो या दुकानासमोर येऊन उभा राही आणि चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या पाहत बसे. असे काही शुक्रवार गेल्यावर अलीमियाँनी विचारले,

"काय रे, येऊन उभा राहतोस, सुरी घेत नाहीस. पोलीस आहेस का?"

"न्हाय चाचा. लोहार हाय."

"मग आत ये. उन्हात उभा राहिलेला लोहार वितळतो."

पुढे व्हिसाची व्यवस्था झाली आणि शंभू दुकानात काम करू लागला. ऐरणीवरचे त्याचे काम पाहून अलीमियाँ संतुष्ट झाले. घणाचा हात पिढीजात होता. अडचण आली ती चाकापाशी.

सुऱ्याच्या पात्याला दोन्ही अंगांनी सारखा उतार असावा लागतो. धारेची रेघ पात्याच्या जाडीच्या अगदी मध्यावर यावी लागते. एक अंग जड राहिले तर सुरा कापताना जड अंगापासून दूर सरकतो. हात सरळ गेला तरी पाते वाट सोडते. अलीमियाँची परीक्षा साधी होती. काकडी उभी चिरायची. उतार सारखे असतील तर दोन समान फोडी पडतात. नसतील तर एक फोड टोकाशी निमुळती होत जाते. शंभूच्या सुऱ्याखालची काकडी दर वेळी तिरपी जाई. पात्याचे उजवे अंग नितळ उतरलेले असे, डावे अंग मात्र पोटाशी फुगीर राही.

"काकडीला विचार," अलीमियाँ म्हणत. "ती तुझी भीड धरणार नाही."

शंभू डावे अंग घासून बारीक करी. ते जरा अधिक उतरे. मग उजवे सारखे करी. ते अधिक उतरे. मग पुन्हा डावे. असे करता करता रुंद पात्याची नुसती पट्टी उरे. एकदा तशी पट्टी हातात घेऊन अलीमियाँ खो खो हसले.

"शंभू, दोन मांजरांच्या भांडणात लोणी खाणारं माकड ठाऊक आहे ना? दोन्ही पारडी सारखी करता करता सगळं लोणी त्याच्या पोटात. तुझं तसंच चाललंय बाबा. मांजरं दोन्ही उपाशी, आणि माझं चाक जाडं झालं."

"हसू नका चाचा. माझा हातच तसा जातो."

"हात आपणहून कुठं जात नाही. कोणीतरी पाठवतं त्याला. गावाला काय घडवायचास?"

"विळे. कोयते. बायांच्या विळ्या."

"ते कसे घासायचास?"

शंभूने हातवारे करून दाखविले. त्याच्या घराण्यात विळ्याचे एकच अंग घासत. दुसरे सपाट ठेवीत, त्यावरून फक्त शेवटी एकदा निसण्याचा दगड फिरवीत. "बा सांगायचा, डावं अंग म्हंजे भिंत. भिंतीला हात लावायचा न्हाय."

अलीमियाँचे हसणे थांबले. दोष हाताच्या अज्ञानाचा नव्हता, आज्ञाधारकपणाचा होता. मेलेल्या बापाचा शब्द मुलाचा हात या परमुलखातही पाळीत होता. अलीमियाँनी त्या शब्दाचा अनादर केला नाही.

"तुझा बा खरंच बोलला. गवत कापायला एका बाजूला भिंत लागते. पण इथं मधून जायचं आहे, इथं दोन्हीकडं दारं. म्हणून आता असं कर. डाव्या अंगापासून सुरुवात कर. जे अंग तुला जमत नाही ते आधी. जेवढं जमेल तेवढं घास आणि थांब. मग उजवं अंग घे, आणि ते डाव्याइतकंच घास. तुझा चांगला हात पुढं धावू पाहील. धावू देऊ नको. चांगल्या हातानं कच्च्या हाताची बरोबरी करायची, त्याच्यावर मात करायची नाही."

हे ऐकायला सोपे होते, करायला नव्हते. डावे अंग घासताना पाते दुसऱ्या हातात जाई, पावले उलटी पडत, कोपर उचलले जाई. अलीमियाँ मागे उभे राहून त्याची कोपरे बरगड्यांना चिकटवीत आणि म्हणत, "हातानं नाही, कमरेनं सरक. नमाजाला वाकतो तसा नव्हे रे, झोपाळ्यासारखा." धारेवर काजळी लावून खिळ्याने मध्याची रेघ ओढावी, आणि दोन्हीकडून त्या रेघेपर्यंतच यावे, ही युक्ती त्यांनी शिकविली. पण अखेरची परीक्षा डोळ्यांची नव्हे, अंगठ्याची आहे, असे ते सांगत. पाते चिमटीत धरून मुठीपासून टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनी फिरवायची. दोन्ही बोटांना एकच उतार लागला पाहिजे.

वर्ष-सव्वा वर्षाने शंभूच्या बोटांना ते कळू लागले. स्वयंपाकाच्या आणि मासे कापण्याच्या सुऱ्या त्याच्याकडे आल्या. कुर्बानीचे मोठे सुरे मात्र अलीमियाँ स्वतःच घासीत. त्यांत कोणाची वाटणी नव्हती.

त्याला कारण होते. बकरीदेसाठी दरवर्षी उम्म अल हस्सममधील खाटीक रहिमतुल्ला आपल्यासाठी आणि आपल्या जोडीदारांसाठी हे सुरे घेऊन जाई. तो मुरूडकडचा, बोलका, पण आपल्या धंद्याविषयी गंभीर मनुष्य. त्याचे म्हणणे ठरलेले असे: "एकदा फिरवला की खलास झालं पाहिजे. दुसऱ्यांदा फिरवावा लागला, जनावर तडफडलं, तर गुनाह माझा. आणि अर्धा तुमचा, अलीमियाँ." अलीमियाँ हे थट्टेने घेत नसत. जनावराला सुरा दिसू नये आणि जाणवूही नये, ही त्यांच्या धर्माची आज्ञा होती; आणि तिचा अर्धा भार आपल्या चाकावर आहे असे ते मानीत. शंभूच्याही गावी देवीला बकरा पडे, आणि तिथला कोयता त्याच्याच घरचा असे. त्यामुळे हा भार काय असतो हे त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

सन १९८१ मध्ये बकरीद आणि दसरा एकाच सुमारास आले. खंडेनवमी बकरीदेच्या आदल्या दिवशी पडली. खंडेनवमीला शंभू हत्यारे धुऊन पूजी, आणि त्या दिवशी कोणतेही हत्यार चालवीत नसे. तो आल्यापासून अलीमियाँही त्या दिवशी चाक बंद ठेवीत. शेजाऱ्यांनी विचारले तर सांगत, "आज चाकाची रजा. त्याचा अर्ज आलाय." या वर्षी त्यांनी सुरे आधीच पुरे करून, शिक्के मारून, फळीवर ओळीने मांडून ठेवले होते. रहिमतुल्ला दुपारच्या दुसऱ्या नमाजानंतर ते नेणार होता.

एक गोष्ट मात्र शंभूला ठाऊक नव्हती. अलीमियाँच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांच्या पत्नी खदिजाबी यांना ते ठाऊक होते. कारण ताटातले माशाचे काटे ते आता बोटांनी चाचपून काढीत, आणि चहा कपाबाहेर ओतीत. डॉक्टरकडे जाण्याचे नाव काढले की उत्तर येई, "ईद होऊ दे." दुकानात हे कोणाला सांगायचे नाही, अशी त्यांनी पत्नीला ताकीद दिली होती.

नवमीच्या सकाळी शंभूने घण, सांडशी, कानशी धुऊन पाटावर मांडल्या, त्यांना गंध लावले, मागच्या अंगणातील कण्हेरीची फुले वाहिली. चाकालाही फूल वाहिले. फळीवरच्या सुऱ्यांना त्याने गंध लावले नाही. त्या दुसऱ्याच्या धर्मकार्यासाठी निघालेल्या वस्तू होत्या, त्यांवर आपल्या पूजेचे बोट उमटवू नये एवढा विवेक त्याला होता. पण त्या दिवशी कोणतेच पाते कोरडे राहू नये म्हणून त्याने त्यांना तेलाचा बोळा फिरवायला घेतला.

पहिल्याच सुऱ्यावर त्याचा अंगठा अडखळला. डावे अंग पोटाशी जड होते.

त्याला आपल्या अंगठ्याची शंका आली. त्याने दुसरा सुरा घेतला, मग तिसरा. काही ठीक होते. बहुतेकांचे डावे अंग फुगलेले होते. त्याच्या स्वतःच्या जुन्या सुऱ्यांचे असे तसेच. पण हे सुरे अलीमियाँचे होते, आणि प्रत्येकावर चंद्रकोर होती. अलीमियाँ समोरच स्टुलावर बसून मुठींना मेण चोळीत होते. ते काम ते नेहमी डोळे मिटूनच करीत, म्हणून त्यातही त्याला काही वावगे दिसले नाही.

बोलावे असे त्याच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. ज्यांनी अंगठा दिला, त्यांनाच त्या अंगठ्याचा निकाल कसा ऐकवावा? तेवढ्यात दुपारची अजान झाली. अलीमियाँ हात धुऊन उठले आणि मशिदीकडे गेले.

शंभू काही वेळ फळीसमोर उभा राहिला. रहिमतुल्ला येणार, सुरे नेणार, आणि उद्या सकाळी ते मानांवर फिरणार. वाट सोडणारा सुरा दुसऱ्यांदा फिरवावा लागणार. त्याने चाकाला हात जोडले, त्यावरचे फूल उचलून बाजूला ठेवले, आणि चाकाची मोटार चालू केली. शिक्का पडलेले पाते त्याने चाकाला लावले. अलीमियाँ परत येईपर्यंत जमतील तेवढे सारखे करायचे, पुन्हा तेल लावून मांडून ठेवायचे, आणि कोणाला काही बोलायचे नाही, असे त्याने ठरविले.

परंतु ज्या दिवशी चाक बंद असते, त्या दिवशी त्याचा आवाज दूरवर ऐकू जातो. अलीमियाँना तो गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला.

ते दारात येऊन उभे राहिले. "शंभू, आज नवमी ना?"

"व्हय चाचा."

"मग चाक कोण फिरवतंय? तुझी देवी?"

शंभूने मोटार बंद केली. चाकावर ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला. अलीमियाँनी त्याच्या हातातला सुरा घेतला, मुठीजवळ अंगठा फिरविला, आणि चंद्रकोर लागताच तो तिथेच थांबविला.

"शिक्क्यावर हात टाकलास."

"चुकलं चाचा."

"काय चुकलं ते सांग. चुकलं म्हणणं सोपं असतं."

शंभूने खाली पाहिले. "डावं अंग जड हाय."

"कुणाचं?"

"बऱ्याच सुऱ्यांचं."

"मी घासलेल्या?"

शंभूने मान हलविली.

"काकडी आण."

"चाचा, ऱ्हाऊ द्या..."

"आण म्हणतो ना!"

अलीमियाँनी फळीवरचे सुरे चाचपून एकेक घेतले आणि काकड्या उभ्या चिरल्या. पहिली तिरपी गेली. दुसरीही गेली. एक सरळ चिरली गेली, तेव्हा शंभूच्या मनात आशा उत्पन्न झाली. पण पुढची पुन्हा टोकाशी निमुळती झाली. अलीमियाँनी फोडी बोटांनी चाचपल्या. मग स्वतःच्या पात्यावर, पुष्कळ वर्षांनी, अंगठा आणि तर्जनी मुठीपासून टोकापर्यंत फिरविली. शिष्याचे प्रत्येक पाते ते असे पाहत आले होते. स्वतःचे पाहण्याचे कारणच त्यांना इतक्या वर्षांत पडले नव्हते.

"मफी," ते हळू म्हणाले. "नजर मफी, उरलीच नाही. आणि मी समजत होतो, ईदेपर्यंत निभेल."

ते स्टुलावर बसले. "तुला कधी कळलं?"

"सकाळी. तेल लावताना."

"मग बोलला का नाहीस? चार शिव्या दिल्या असत्या, इतकंच ना?"

"शिव्यांचं काय न्हाय. तुमास्नी लागल म्हून."

"आणि चोरून घासलंस म्हणजे लागणार नव्हतं?" अलीमियाँचा आवाज चढला. "उद्यापासून मी वाकडे सुरे घासत बसलो असतो आणि तू माझ्या पाठीमागं ते सरळ करत बसला असतास. मी मान ताठ करून शिक्के मारले असते. किती वर्षं, शंभू? माझी इज्जत राखत होतास, की मला खुळ्यात काढत होतास?"

शंभूच्या डोळ्यांत पाणी आले. "तसं माझ्या मनात न्हवतं, चाचा. झाकून जाईल असं वाटलं."

"झाकलेलं पोलाद गंजतं. तू लोहाराचा ना?"

इतक्यात खदिजाबी जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी पाटावरची फुले पाहिली, ओले चाक पाहिले, आणि सर्वत्र पसरलेल्या काकडीच्या फोडी पाहिल्या.

"या अल्ला, एवढी कोशिंबीर कुणासाठी?"

"परीक्षा झाली," अलीमियाँ म्हणाले. "मी नापास."

खदिजाबींनी डबा खाली ठेवला. त्यांना सांगावे लागले नाही. "मी बोललेलं काट्यासारखं टोचायचं तुम्हाला. आता काकडीनं सांगितलं ते गोड लागलं का?" मग शंभूकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू रे, रडतोस काय? जे मला घरात बोलू दिलं नाही, ते तू दुकानात बोललास. बरंच केलंस."

"मी बोललो न्हाय चाची. पकडला गेलो."

यावर अलीमियाँना हसू आले, आणि त्यांचा राग ओसरला. पण प्रश्न होता तिथेच होता. त्यांनी रहिमतुल्लाला निरोप पाठविण्याचे ठरविले की यंदा सुरे नाहीत, दुसरीकडून घे. दुसरीकडून म्हणजे बाजारातल्या परदेशी कारखान्याचे सुरे. शंभू मध्ये पडला.

"चाचा, तुमी हुकूम द्या. मी समदे सारखे करतो. तुमच्या म्होरं."

"आज तुझा सण आहे. माझ्या डोळ्यांपायी तुझ्या देवीचा नेम मोडायचा?"

"उद्या जनावरं तडफडली, तर मी चाकाला फूल वाहून बसलो होतो, हे देवीला काय तोंडानं सांगू?"

शास्त्रात आपद्धर्म म्हणून सांगितला आहे. संकटकाळी नेम बाजूला ठेवावा लागतो. पण तो चोरून नव्हे, उघडपणे आणि नेमाविषयी आदर ठेवून बाजूला ठेवावा. मघाशी आणि आता, शंभूचे काम एकच होते. मघाशी ती लपवाछपवी होती, आता ते धर्माला धरून होते.

मोटार पुन्हा चालू झाली. शंभू घाशी, पाते तापू नये म्हणून पाण्यात बुडवी, आणि अलीमियाँच्या हाती देई. अलीमियाँ डोळे मिटून चिमटी फिरवीत. "टोकाशी जरा." किंवा, "बस, थांब." किंवा काहीच न बोलता फळीवर ठेवीत. मोतीबिंदू बोटांत उतरत नाही. एका सुऱ्याचे पोट सारखे करता करता पाते फार पातळ होईल असे दिसले; तो अलीमियाँनी परत दिलाच नाही, मोडीच्या पोलादात टाकला. जेवणाचा डबा तसाच राहिला. खदिजाबी फडक्याने एकेक सुरा पुसत बसल्या होत्या.

शेवटचे दोन सुरे बाकी असताना रहिमतुल्ला आला. "यल्ला, अलीमियाँ! काढा माझा माल. अजून चाकावरच? यंदा काय नवरदेवाला हळद लावताय का सुऱ्यांना?"

"बस," अलीमियाँ म्हणाले. "एक गोष्ट ऐक, मग ने." आणि त्यांनी सर्व काही सांगितले: डोळे, उतार, काकड्या. "धार आज शंभूची आहे. ठोकलं मी, घासलं त्यानं. पटलं तर ने. एक सुरा कमी आहे."

रहिमतुल्लाची थट्टा थांबली. त्याने एक सुरा उचलला, धार उजेडाकडे धरून डोळा लावून पाहिला, मग काकडी घेऊन चिरली. दोन्ही फोडी ओट्यावर सारख्या पडल्या. त्याने दुसराही तसाच पाहिला. मग फोड तोंडात टाकीत तो म्हणाला,

"मला सुरा सरळ जायला हवा. हात कुणाचा, ते तुम्ही आणि हा बघून घ्या." आणि तो शंभूला म्हणाला, "सरळ हाय तुझा हात. उद्या दुपारी घरी जेवायला ये."

"उद्या माझा दसरा हाय. मटण न्हाय खात मी दसऱ्याला."

"मग परवा ये. शेवया राहतील. त्या तुझ्या देवीला चालतात ना?"

सुरे गेले. दुसऱ्या दिवशी ईद आणि दसरा पार पडले. रहिमतुल्लाकडून तक्रारीचा निरोप आला नाही. सुट्टी संपून दुकान उघडले, तेव्हा अलीमियाँनी शंभूला चाकाजवळ जाऊ दिले नाही. नवमीची रजा चाकाला द्यायची राहिली आहे, ती आज द्यायची, असे ते म्हणाले. दिवसभर दोघे मुठी बसवीत आणि बोलत राहिले.

ईदेनंतर थोड्याच दिवसांनी मनामाच्या इस्पितळात अलीमियाँच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची. जाड भिंगांचा चष्मा लावून ते पुन्हा दुकानात बसू लागले. दिसू लागले होते. मोठे सुरे त्यांना घासता आले असते. पण त्यांनी ते पुन्हा हाती घेतले नाहीत. ऐरण त्यांची, चाक शंभूचे, अशी वाटणी झाली. चंद्रकोर मारण्यापूर्वी प्रत्येक पाते दोघांच्याही बोटांखालून जाई, आणि दोघांपैकी एकाने मान हलविली नाही तर शिक्का पडत नसे. खदिजाबी येत तेव्हा म्हणत, "आता बरं आहे. दोन सासवांच्या हाताखालून गेलेली सून बिघडत नाही."

अलीमियाँच्या डोळ्यांना आणि शंभूच्या हातांना दीर्घकाळ बळ राहो. खदिजाबींच्या स्पष्ट जिभेला कधी थकवा न येवो, आणि रहिमतुल्लाचा सुरा दुसऱ्यांदा फिरविण्याची वेळ कधी न येवो. आणि त्या ईदेच्या सकाळी जे मुके जीव गेले, त्यांनाही शांती लाभो.